मोकळा वार

दिवाळी जवळ आली, की आपल्याकडे घरोघरी दोन याद्या तयार होतात. एक फराळाच्या सामानाची आणि दुसरी सहलीची. पहिली यादी बहुधा घरातल्या बायका करतात, आणि तिच्यात काही राहिलेच तर वाण्याकडे पोराला पिटाळता येते. दुसरी यादी घरातला कर्ता पुरुष करतो. तिच्यात कधी काही राहत नाही. असते ते जास्तच. आज मला या दुसऱ्या यादीविषयी चार शब्द बोलायचे आहेत. विश्रांतीसाठी म्हणून घराबाहेर पडलेला माणूस विश्रांती का घेत नाही, आणि त्याच्या धावपळीची किंमत कोण मोजतो, असा माझा प्रश्न आहे.

तत्त्वज्ञानाचा माझा अभ्यास नाही. मी मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या शिक्षकाची परीक्षा दिली आणि कृष्णाकाठच्या एका शाळेत मुलांना डोंगर आणि नारळाची झाडे काढायला शिकवू लागलो. कादंबऱ्या लिहितो त्या रात्री, घर झोपल्यावर. वीस वर्षे शाळेच्या घंटेवर काढलेल्या माणसाला वेळापत्रकाचे एक वेड लागते. रिकामा तास दिसला, की त्याचा हात शिवशिवतो. सहलीचा बेतही मी शाळेच्या तक्त्यासारखाच आखीत असे. डाव्या बाजूला वार, वर तास, आणि प्रत्येक चौकोनात एक गाव.

असा एक तक्ता मी २००९ सालच्या मे महिन्यात केला होता. आई, आम्ही दोघे आणि धाकटा भाऊ व भावजय. भाड्याची जीप, सात दिवस आणि सोळा ठिकाणे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, शिर्डी, वेरूळ, दौलताबाद, अजिंठा, पैठण अशी ती माळ होती. रोज रात्री नवा मुक्काम, रोज पहाटे पाचला सामानाची बांधाबांध. तक्ता तंतोतंत पार पडला, एक गाव सुटले नाही. परतीच्या वाटेवर मी तो भावाला अभिमानाने दाखवला होता.

आईचे गुडघे तेव्हा धरले होते. जिथे जिथे चढण आली, तिथे ती म्हणाली, ‘तुम्ही या जाऊन. मी सामान राखते.’ आम्हालाही ते सोयीचे वाटले. दौलताबादेला ती पायथ्याशी बसली, अजिंठ्याला पायऱ्यांखाली बसली. वेरूळला कैलासाच्या अंगणात शिरायला फारशा पायऱ्याही नाहीत; हाताला धरून तिला सहज आत नेता आले असते. पण माझ्या तक्त्यात वेरूळच्या वाट्याला दीड तास आला होता, आणि तिच्या पावलाने चालायचे तर निम्मा वेळ तिथेच गेला असता. म्हणून ती बाहेर झाडाखाली बसली, भोवती आमच्या पिशव्या मांडून.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी तिला विचारले, ‘काय काय पाहिलंत?’

आई म्हणाली, ‘पायऱ्या पाहिल्या हो. काय उंच उंच पायऱ्या!’

सगळे हसले. मीही हसलो. ती कुचकट बोलणारी बाई नव्हती. जे पाहिले ते तिने सांगितले. २०१७ साली ती गेली. तेव्हापासून ते वाक्य मला अधूनमधून ऐकू येते, आणि आता हसू येत नाही.

माणूस असा का वागतो, याचा मी पुष्कळ विचार केला. हावरटपणा म्हणावा, तर तो पुरता खरा नाही. आपल्यासारख्या माणसांच्या धावपळीच्या मुळाशी एक भीती असते. ‘पुन्हा कुठं येणं होतंय?’ हे आपले सहलीतले आवडते वाक्य. वर्षभर पैसे साठवायचे, रजा जुळवायची, मुलांच्या परीक्षा सांभाळायच्या, आणि एवढे करून एखादी जागा बघायची राहिली तर जन्माची राहिली. ज्याला दरवर्षी येता येते, त्याने खुशाल म्हणावे, ‘राहू दे, पुढच्या खेपेला बघू.’ गरिबाला पुढची खेप नसते. म्हणून तो एका खेपेत सगळे उरकू पाहतो. या भीतीला हसण्याचा अधिकार कोणाला नाही.

पण त्या भीतीत एक चूक दडलेली आहे. पुन्हा येणे होणार नाही, हे आपल्याला लेण्यांच्या बाबतीत आठवते आणि बरोबरच्या माणसांच्या बाबतीत आठवत नाही. अजिंठ्याची लेणी दीड-दोन हजार वर्षे उभी आहेत. ती आणखी काही वर्षे खचित राहतील. पायऱ्यांखाली बसलेली आई आठ वर्षांत गेली. ‘पुन्हा कुठं येणं होतंय’ हे वाक्य खरे तर मी तिच्याकडे बघून म्हणायला हवे होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा त्याच मुलखात जायचे ठरले. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. माझ्या तोंडी अजून कधी कधी औरंगाबाद येते. या खेपेला पत्नी, दोन मुले आणि माझी मावशी असे आम्ही पाच जण होतो. मावशी आईची पाठची बहीण, वय बहात्तर, आणि गुडघे बहिणीचेच. मी सवयीने तक्ता आखला. सात दिवसांचे एकवीस चौकोन भरले आणि पत्नीपुढे ठेवले. तिने तो नीट वाचला आणि विचारले, ‘यात माझी सुट्टी कुठल्या वारी आहे?’

मी म्हणालो, ‘म्हणजे? सगळे वार सुट्टीचेच आहेत.’

‘रोज पहाटे उठून पाच जणांचं सामान कोण भरणार? बाहेरच्या गावी ओले टॉवेल कोण वाळवणार?’ असे म्हणून तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली.

नवा बेत तिने केला. एकाच शहरात सात रात्री, एकाच लॉजात दोन खोल्या. बॅगा एकदाच उघडायच्या आणि एकदाच भरायच्या. आठवड्यात तीनच दिवस बाहेर पडायचे आणि दिवेलागणीला परत आपल्या खोलीवर यायचे. उरलेले दिवस शहरात. काही भाग सरकारने आधीच ठरवून ठेवला होता. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. म्हणून सोमवारी पाणचक्की, मंगळवारी पैठण, गुरुवारी वेरूळ, शुक्रवारी अजिंठा, शनिवारी बीबीचा मकबरा. दौलताबादवर तिने काट मारली. ‘किल्ला वाटेवरच आहे. गाडीतून दिसेल तेवढा पाहू,’ ती म्हणाली. आणि बुधवारच्या चौकोनात तिने एकच शब्द लिहिला : मोकळा.

त्या शब्दाने मला फार छळले. मी वर्गात मुलांना सांगतो, जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो. जिथे पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा. मुलांना ते जमत नाही. कोरी जागा दिसली, की ती रंगवतात, आणि मग ढग काळे होतात. मुलांना शिकवलेले मास्तरला स्वतः जमतेच असे नाही.

सोमवारी पाणचक्कीवर गेलो. कित्येक मैलांवरून मातीच्या नळांतून जमिनीखालून पाणी आणायचे आणि त्याच्या धारेवर जाते फिरवायचे, अशी ती जुनी युक्ती. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याशी उतरणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी तिथे पीठ दळले जाई. दळणाची ही गोष्ट ऐकून मावशी म्हणाली, ‘पाण्यानं दळलं म्हणजे तेवढ्या बायका निजल्या असतील.’ मी त्या जात्याकडे यंत्र म्हणून पाहत होतो. त्या दळणामागे कोणाची तरी झोप आहे, हे मला सुचले नसते.

मंगळवारी एस.टी.ने पैठणला गेलो. २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. मावशीने ते दहा वेळा उघडून पाहिले. गोदावरीचे पात्र, नाथांचा वाडा, समाधी, सगळे सावकाश झाले. तिथे घाटावर बसलो असता मावशीने मुलांना गाढवाची गोष्ट सांगितली. आपण सर्वांनी ती लहानपणी ऐकली आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन नाथ रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी कावड उतरवली आणि गंगा त्याच्या तोंडात ओतली. सोबतचे लोक हळहळले. पण नाथ म्हणाले, माझा रामेश्वर मला इथेच भेटला.

लहानपणी या गोष्टीत मला फक्त दया दिसली होती. या वेळी दोन गोष्टी नव्याने दिसल्या. पहिली अशी, की नाथ काही गाढवांना पाणी पाजायला निघाले नव्हते. त्यांचाही एक बेत होता. पुष्कळ दूरचा आणि कष्टाचा. बेतच नसता, तर खांद्यावर कावड नसती, आणि कावड नसती तर त्या जिवाला पाजायला पाणी कुठले? तेव्हा ‘बेत आखूच नयेत, पाय नेतील तिकडे जावे’ असे जे म्हणतात, त्यांचे मला पटत नाही. अशा माणसाच्या बरोबर निघालेल्यांना दुपारी जेवण मिळत नाही आणि रात्री खोली मिळत नाही. बेत हवा. घागर भरून घ्यायला हवी.

दुसरी गोष्ट अशी, की नाथांना ते गाढव दिसले. रामेश्वराकडे डोळे लावून चालणाऱ्या माणसाला वाटेच्या कडेचे काही दिसत नाही. मला सोळा ठिकाणे दिसली होती, आई दिसली नव्हती. मला वाटते, बेताचे बरेवाईट इथे ठरते. तो किती भरला आहे यापेक्षा, वाटेत कोणाला तहान लागली तर तो रिता करता येतो की नाही, हे पाहावे.

मग बुधवार उजाडला. मोकळा वार. मी सवयीने सहाला उठलो आणि खिडकीत बसलो. खाली रिक्षा चालू झाल्या होत्या, चहाच्या गाडीवर माणसे जमत होती. मनात हिशेब सुरू झाला : खोल्यांचे भाडे चालू आहे, वेरूळ उघडे आहे, ऊन कोवळे आहे, आणि आपण पडून आहोत. चोरी केल्यासारखे वाटू लागले. कष्टकरी घरांत वाढलेल्या आम्हा लोकांना विश्रांती ही कमावलेली वस्तू वाटत नाही, लांबवलेली वाटते. आजारी पडलो, तरच आडवे होण्याचा परवाना.

मी मागे वळून पाहिले. पत्नी झोपली होती. आठ वाजले, साडेआठ वाजले, तरी झोपलेलीच. लग्नाला अठरा वर्षे झाली. दिवसाच्या उजेडात तिला निजलेली मी दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा बाळंतपणात. त्या सकाळी मी मुलांना ‘आवाज करू नका’ म्हणून दटावत दारात बसून राहिलो. त्या आठवड्यातले हे माझे पहिले प्रेक्षणीय स्थळ. दुपारी मुलगी कंटाळली, तिने कागद मागितला आणि मावशीच्या हातांचे चित्र काढले. ते बरे आले आहे.

गुरुवारी वेरूळ. जाताना दौलताबाद खिडकीतून दिसला. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि थोड्याच वर्षांत परत नेली. बेत कागदावर वाईट नव्हता म्हणतात. देशाच्या मध्यावर राजधानी असावी, यात गैर काय? फक्त ज्यांना चालायचे होते, त्यांना कोणी विचारले नव्हते. सहलीचे तक्ते आखणाऱ्या बापांनी या किल्ल्यापाशी क्षणभर थांबावे.

वेरूळची चौतीस लेणी आहेत. आम्ही एकच पाहिले, सोळावे, म्हणजे कैलास. मावशीला हाताला धरून आत नेली आणि अंगणातल्या दगडी हत्तीजवळ सावलीत बसवली. अखंड खडक वरून खाली कोरीत आणून हे देऊळ उभे केले, पाया शेवटी झाला, हे मी तिला सांगितले. ती बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे चुकून जास्त फोडलं, तर परत जोडता यायचं नाही.’ एवढे बोलून ती गप्प बसली. परतताना खुलताबादेला भद्रा मारुतीचे दर्शन घेतले. इथला मारुती निजलेला आहे. ज्याने द्रोणागिरी उचलून आणला, त्याच्याही एका देवळात निजण्याची सोय आहे, हे पाहून मला बुधवारचे ओझे जरा हलके वाटले.

शुक्रवारी अजिंठा. चित्रकलेच्या मास्तरचे हे पंढरपूर. २००९ साली मी तिथे दोन तासांत तीस लेण्यांतून अक्षरशः पळालो होतो. बाहेरच्या उन्हातून काळोखात गेलेले डोळे निवायला वेळ लागतो. ते निवण्याआधीच मी पुढच्या लेण्याकडे निघालेला असे. म्हणजे मी तिथे जाऊन आलो होतो, पण पाहिले नव्हते. या वेळी मनसोक्त पाहायचे, असे पंधरा वर्षे घोकत होतो.

पायऱ्यांशी डोलीवाले उभे होते. मी मावशीसाठी डोली ठरवू लागलो. ती म्हणाली, ‘नको रे बाबा. चार जणांच्या खांद्यावरून एकदा जायचंच आहे, घाई कशाला?’ डोलीवालाही हसला. मात्र त्याच्या हसण्यात रोजगार बुडाल्याची खंत होती. आपल्या विश्रांतीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावा का, आणि न द्यावा तर त्याच्या चुलीचे काय, या कोड्याचे उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही. मावशीने आपल्यापुरते ते सोडवले होते. ती झाडाखाली बसली आणि म्हणाली, ‘तुम्ही या जाऊन. मी सामान राखते.’

तेच शब्द. आवाजसुद्धा तोच.

मी पत्नीला म्हणालो, ‘तू मुलांना घेऊन जा. मी बसतो.’ हे मी आनंदाने म्हटले, असे सांगितले तर खोटे ठरेल. वर नजर टाकली तेव्हा पोटात तुटले. पण बसलो.

पहिला अर्धा तास आम्ही माणसे येताना-जाताना पाहत होतो. मग मावशी सहज बोलली, ‘ताईला इथं यायचं फार बरं वाटलं होतं हो. कितीदा सांगायची.’

मी म्हणालो, ‘तिनं काहीच पाहिलं नाही गं. मी तिला सगळीकडे खालीच बसवली.’

‘तुला ठाऊक नाही मग. वेरूळला तिला एक बाई भेटली होती. जालन्याकडची. तिचाही मुलगा वर गेलेला, तिचेही गुडघे तसलेच. दोघींनी तासभर सुखदुःखाच्या गोष्टी केल्या, भाकरी वाटून खाल्ली. तिनंच ताईला येसर शिकवलं. नाहीतर आपल्याकडे कुठं होतं येसर?’

मी ऐकत राहिलो. धान्ये आणि मसाले भाजून दळलेले ते मराठवाड्यातले येसर आमच्या घरी त्या सहलीनंतर डब्यात नेहमी असे. पावसाळ्यात भाजी नसली, की आई चटकन त्याची आमटी करी. आठ वर्षे मी ती भुरकत होतो. ही आमटी आपल्या घरात कुठून आली, हे मी एकदाही विचारले नव्हते. मी सोळा ठिकाणे पाहून एक तक्ता घरी आणला, आणि आईने एका झाडाखाली बसून वर्षानुवर्षे पुरेल अशी चव आणली.

यामुळे माझा अपराध कमी झाला असे मी मानीत नाही. तिला कैलास दाखवायला हवाच होता. उलट त्यात एक भर पडली : ती काहीच पाहत नाही असे मी धरून चाललो होतो, आणि घरी आल्यावर ‘तू तिथं बसून काय केलंस?’ एवढे विचारण्याचीही मला गरज वाटली नव्हती. नेता आले नाही, तरी विचारता आले असते. विचारायला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

दुपार कलल्यावर पत्नी मुलांसह खाली आली आणि म्हणाली, ‘आता मी बसते. तुम्ही जा.’ हाताशी जेमतेम तास होता. मी फक्त पहिल्या लेण्यात गेलो. गर्दी ओसरली होती. मी पद्मपाणीसमोर उभा राहिलो आणि डोळे निवू दिले. आधी काळोख, मग तांबूस डाग, मग मुकुट, मग ती झुकलेली मान, आणि सगळ्यांत शेवटी बोटांतले निळे कमळ. खाली पाहणारे ते डोळे कोणाकडे पाहत आहेत, याचा विचार करीत मी उभा होतो, तोवर वेळ संपत आल्याची हाक आली. बाकीची लेणी राहिली. पुन्हा जाणे होईल की नाही, सांगता येत नाही, आणि त्याची हळहळ मला आहे. ती लपवून शहाणपणाचा आव आणणार नाही. पण जे पाहिले, ते आता डोळे मिटून काढता येते.

यंदाही आपल्यापैकी पुष्कळ जण फराळाचे डबे भरून कुठे ना कुठे निघतील. बेत अवश्य आखा. कोणते ठिकाण कुठल्या वारी बंद असते, ते आधी पाहा. एकाच गावी बिऱ्हाड करून आजूबाजूला हिंडा, म्हणजे बॅगा भरणारीलाही सुट्टी मिळेल. आणि सात वारांतला एक तरी कोरा ठेवा. तो कोणाच्या कामी येईल हे आधी कळत नाही, म्हणूनच तो कोरा ठेवायचा.

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी नेहमीप्रमाणे चौकशी केली. त्या आता थकल्या आहेत, पण प्रश्न तोच : ‘काय काय पाहिलंत?’ मी सांगू लागलो आणि माझी यादी चार-पाच नावांतच संपली. या वेळी मी मावशीकडे वळून तिला विचारले, ‘मावशी, तू सांग. तू काय पाहिलंस?’

मावशी म्हणाली, ‘पुष्कळ पाहिलं. दगडाचे हत्ती पाहिले, निजलेला मारुती पाहिला. आणि आमच्या बाळूला दोन तास एका जागी बसलेला पाहिला. ताईला दाखवायला हवा होता.’